प्रतिकृती वाफेच्या इंजिनाचा इंजेक्टर तिसऱ्या फेरीत पाणी सोडतो : कारणांचा शोध आणि उपाय

ब्रिटनमधील एका अरुंदमापी वारसा रेल्वेवर मी स्वयंसेवक फायरमन, म्हणजे इंजिनाची आग आणि बॉयलरचे पाणी सांभाळणारा, म्हणून काम करतो. आमच्याकडचे मुख्य इंजिन ही मोडीत गेलेल्या एका जुन्या इंजिनाची, मूळ आराखड्यांवरून नव्याने बांधलेली प्रतिकृती आहे. बॉयलरचा दाब चौरस इंचाला १६० पौंड आहे, पाणी बॉयलरच्या दोन्ही अंगांच्या टाक्यांमध्ये असते आणि केबिनच्या पायरीलगत, टाक्यांच्या तळापेक्षा खालच्या पातळीवर, बॉयलरमध्ये पाणी घालणारे दोन इंजेक्टर बसवलेले आहेत. यांपैकी फायरमनच्या बाजूच्या इंजेक्टरने आम्हाला सलग दोन उन्हाळे छळले. दिवसाच्या पहिल्या दोन फेऱ्यांमध्ये तो निर्दोष चालत असे. तिसऱ्या फेरीत, विशेषतः स्थानकात दहा-पंधरा मिनिटे थांबून गाडी सुटण्याच्या वेळी, तो पाणी धरत असे, आठ-दहा सेकंद चालत असे आणि मग एकाएकी सुटून ओव्हरफ्लोमधून, म्हणजे जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीतून, वाफ आणि उकळते पाणी बाहेर फेकत असे. संध्याकाळी इंजिन शेडमध्ये आणून, टाक्या भरून, तोच इंजेक्टर तपासावा तर पहिल्याच प्रयत्नात चालू होई. तक्रारवहीत त्यामुळे ‘दोष आढळला नाही’ अशी नोंद पडे आणि पुढच्या शनिवारी तिसऱ्या फेरीत पुन्हा तेच घडे.

हा दोष ‘सांभाळून घेऊ’ या वर्गातला नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. फायरबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरमधल्या आगीच्या पेटीच्या, छताचा पत्रा आगीच्या थेट वर असतो आणि त्याच्यावरचे पाणी हेच त्याचे एकमेव संरक्षण असते. पाण्याची पातळी त्या पत्र्याखाली गेली तर तो लाल होऊन मऊ पडतो. छतात बसवलेला शिशाचा प्लग वितळून वाफ आगीवर सोडतो तो केवळ शेवटचा इशारा म्हणून. म्हणूनच बॉयलरला पाणी देण्याची एकमेकांवर अवलंबून नसलेली दोन साधने असावी लागतात आणि त्यांपैकी एक बेभरवशाचे असेल तर इंजिन सकाळी शेडबाहेर काढू नये, असे माझे ठाम मत आहे. वाटेत एक इंजेक्टर गेला आणि दुसराही कुरकुरू लागला, तर वेळापत्रकाचा विचार सोडून आग दाबावी किंवा काढून टाकावी. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतले पाणी दिसेनासे होईपर्यंत इंजेक्टरशी झटापट करत राहू नये.

निदान कसे करावे हे समजण्यासाठी इंजेक्टर मुळात कसा चालतो हे डोळ्यांसमोर असावे लागते. आँरी जिफार या फ्रेंच अभियंत्याने १८५८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वीची इंजिने चाकांच्या गतीवर चालणाऱ्या पंपाने बॉयलरमध्ये पाणी भरत. १८२९ च्या ‘रॉकेट’ या स्टीफन्सनच्या प्रसिद्ध इंजिनाचीही हीच व्यवस्था होती, त्यामुळे पाणी भरण्यासाठी उभे इंजिन उगाच पुढेमागे चालवावे लागे. इंजेक्टरमध्ये हलणारा भाग जवळजवळ नसतो. बॉयलरमधली वाफ पहिल्या शंकूतून प्रचंड वेगाने सुटते, दुसऱ्या शंकूत ती टाकीतून आलेल्या थंड पाण्याला भेटून त्यातच विरून पाणी होते आणि आपला सगळा वेग त्या पाण्याला देते. तिसरा शंकू पुढे रुंदावत जातो, तिथे वेगाचे रूपांतर दाबात होते आणि तो दाब बॉयलरच्या दाबापेक्षा जास्त झाला की बॉयलरच्या तोंडाशी असलेला क्लॅक, म्हणजे एकदिशा झडप, उचलली जाते. १६० पौंडांच्या विरुद्ध पाणी आत ढकलायचे तर त्या धारेचा वेग सेकंदाला निदान ४७ मीटर हवा, असे साधे गणित सांगते. अशा वेगाच्या एकसंध धारेत हवेचा बुडबुडा शिरला, किंवा वाफ पुरती विरली नाही, तर धार फुटते आणि इंजेक्टर सुटतो.

वाफ पुरती विरणे हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. या दाबाच्या एक किलो वाफेत सुमारे २,७८० किलोज्यूल उष्णता असते आणि ती ढोबळमानाने दहा किलो पाण्यात मिसळते असे धरू. टाकीतले पाणी २० अंश सेल्सिअस असेल तर मिश्रण ७९ अंशांच्या आसपास राहते आणि वाफ निमूटपणे पाणी होते. तेच पाणी ४५ अंशांचे असेल तर मिश्रण १०१ अंशांवर जाते, म्हणजे उत्कलनबिंदूच्या पलीकडे, आणि धारेत वाफेचे फुगे तसेच राहतात. म्हणून ४० अंशांच्या पुढचे पाणी साध्या इंजेक्टरला जड जाऊ लागते. आणखी एक गोष्ट इथे ध्यानात ठेवावी : महत्त्वाचे असते ते इंजेक्टरच्या तोंडाशी पोहोचणाऱ्या पाण्याचे तापमान. टाकीत हात घालून ‘पाणी तर थंडगार आहे’ असे म्हणणे पुरेसे नाही.

आता आमच्या चुका. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही इंजेक्टर उतरवला, तिन्ही शंकू काढले, सौम्य आम्लात बुडवून त्यांवरचा चुन्याचा थर काढला आणि परत बसवले. दोन शनिवार उत्तम गेले, तिसऱ्या शनिवारी दोष परत आला. मग नवे शंकू करून घेतले. पुन्हा दहा-बारा दिवस बरे गेले. नंतर टाकीच्या तोंडाशी असलेली जाळी साफ केली, तेव्हाही आठवडाभर सुधारणा दिसली. दर वेळी आम्हाला वाटले की दोष सापडला. प्रत्यक्षात दर वेळी इंजेक्टर उतरवताना पाण्याच्या पाइपचे सांधे सुटत होते, नव्याने आवळले जात होते, झडपेची दांडी फिरत होती, आणि सुधारणा त्या हाताळणीमुळे होत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आमची अवस्था होती. शंकूंवरचा थर हे खरे कारण असू शकत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ७ मिलिमीटरच्या छिद्रात चोहीकडून ०.२ मिलिमीटरचा थर बसला तरी छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी घटते आणि इंजेक्टरला तेवढे पुरते. पण थराचा दोष सकाळीही दिसतो. तो फक्त तिसऱ्या फेरीची वाट पाहत नाही. दोष कधी येतो आणि कधी येत नाही, ही नोंद आमच्या वहीत पहिल्या दिवसापासून होती. आम्ही तिचा अर्थ लावला नाही.

प्रतिकृतीच्या बाबतीत एक अडचण वेगळी असते. जुने इंजिन पिढ्यान्‌पिढ्या चाललेले असते, त्याच्या खोडी शेडमधल्या कुणाला तरी ठाऊक असतात. प्रतिकृती मात्र बहुधा अशा इंजिनाचीच बांधली जाते ज्याचा एकही नमुना उरलेला नाही. ‘टॉर्नेडो’ हे ब्रिटनमध्ये नव्याने बांधलेले वाफेचे इंजिन २००८ मध्ये पूर्ण झाले, पण त्याच्या जातीची मूळची सर्व ४९ इंजिने १९६६ पर्यंत मोडीत निघाली होती. डेव्हनमधल्या लिंटन–बार्नस्टेपल रेल्वेचे ‘ल्यू’ हे इंजिन मार्ग बंद पडल्यावर १९३६ मध्ये ब्राझीलला पाठवले गेले आणि तिथे ते नाहीसे झाले. त्याच्या जातीचे ‘लिड’ हे नवे इंजिन वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेच्या बॉस्टन लॉज कारखान्यातून २०१० मध्ये बाहेर पडले. भारतातही गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरी पर्वतीय रेल्वेसाठी एक्स वर्गाची इंजिने अलीकडच्या काळात नव्याने बांधली आहेत. तिथे निदान जुनी भावंडे आणि ती चालवणारी माणसे शेजारी होती. आराखड्यात धातूचा आकार आणि माप असते. ग्लँडमध्ये, म्हणजे झडपेच्या दांडीभोवती गळती रोखणारा दोर भरायच्या पोकळीत, कोणता दोर किती फेऱ्यांनी भरायचा, तो किती दिवसांनी बदलायचा, कोणत्या स्थानकावर टाकी भरायची, हे आराखडा सांगत नाही. ते ज्ञान माणसांबरोबर गेले. माथेरानच्या गाडीवर वाफेच्या काळात फायरमन म्हणून राबलेल्या माणसांच्या आठवणी कुणी तपशिलाने उतरवून घेतल्या असतील तर त्यांचे मोल मी कोणत्याही आराखड्याइतकेच मानतो.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या मध्यावर आम्ही इंजेक्टरला हात न लावता पाण्याच्या वाटेने, टाकीपासून बॉयलरपर्यंत, एकेक टप्पा तपासायचे ठरवले, आणि एका दिवसात एकच बदल करायचा असा नियम घातला.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून केली. मूळ इंजिनावर झाकण नुसते टेकलेले असे. पाणी हिंदकळू नये म्हणून आम्ही त्याखाली रबरी कडे बसवले होते. टाकीत हवा येण्याची दुसरी वाट बुजलेली असेल तर पाणी उपसले जाताना आत पोकळी निर्माण होते आणि पाणी खाली उतरायला नाखूश होते. याची परीक्षा सोपी आहे : इंजेक्टर अडखळू लागताच झाकण उघडावे. आमच्याकडे फरक पडला नाही, त्यामुळे हा मुद्दा बाजूला झाला, तरी रबरी कड्याला आम्ही खाच ठेवली. जाळी स्वच्छ होती. पाइप आतून मोकळा होता. हे पाहण्यासाठी इंजेक्टरच्या टोकाचा सांधा सोडून बादलीत पाणी सोडले आणि बादली भरायला लागणारा वेळ दोन्ही बाजूंना मोजला. दोन्हीकडचा वेळ सारखाच आला.

पुढचा टप्पा पाण्याच्या झडपेचा, आणि इथेच अर्धे उत्तर होते. विहिरीवरचा पंप ज्याने चालवला आहे त्याला ‘पंपाने हवा घेतली’ या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. पाणी टाकीतून खाली उतरत येते म्हणून इंजेक्टर हवा घेऊ शकणार नाही, असे आम्ही गृहीत धरले होते. टाकी भरलेली असताना ते खरेही असते, कारण वरच्या पाण्याचा दाब सांध्यातून बाहेर पडू पाहतो, आत येऊ देत नाही. टाकी निम्म्याखाली गेली की तो दाब घटतो. इंजेक्टर जोरात पाणी ओढत असताना झडपेच्या अरुंद वाटेपुढचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि दांडीभोवतीच्या ग्लँडमधून हवा आत खेचली जाते. तिसऱ्या फेरीत आमच्या टाक्या निम्म्याखाली असत. शेडमध्ये तपासणीपूर्वी आम्ही त्या भरत असू आणि पुरावा स्वतःच पुसून टाकत असू.

हवा कुठून येते ते शोधण्याची रीत अशी. टाकी मुद्दाम तृतीयांशापर्यंत उतरवावी, इंजेक्टर चालू करावा आणि तो अडखळत असताना एकेका सांध्याभोवती व ग्लँडभोवती घट्ट ग्रीस दाबून लावावे किंवा ओल्या फडक्याचा पीळ आवळून धरावा. दोषाच्या जागी हात पोहोचला की इंजेक्टरचा आवाज तत्काळ बदलतो. खरखर थांबून तो एकसुरी गाऊ लागतो. हे करताना हातमोजे घालावेत आणि ओव्हरफ्लोच्या तोंडासमोर शरीराचा कोणताही भाग आणू नये. आमच्याकडे पाण्याच्या झडपेच्या ग्लँडवर ग्रीस बसताच आवाज निवळला. ग्रीस खेचले गेले की पुन्हा खरखर सुरू झाली. तीनदा करून पाहिले, तीनदा तेच घडले.

ग्लँड उघडल्यावर कारण कळले. आराखड्यातली ग्लँडची पोकळी उथळ होती; त्या काळी चरबी चोळलेला सणाचा दोर त्यात भरत आणि तो पाण्याने फुगून दांडीला बिलगत असे. आम्ही त्याऐवजी पांढऱ्या टेफ्लॉनच्या दोन फेऱ्या भरल्या होत्या. टेफ्लॉन तापल्यावर धातूच्या कितीतरी पट प्रसरण पावते, दाबाखाली हळूहळू सरकते आणि थंड झाल्यावर पूर्वीच्या जागी परतत नाही. इंजेक्टरच्या इतक्या जवळ रोज तापणाऱ्या आणि निवणाऱ्या जागी, अवघ्या दोन फेऱ्यांत, ते ढिले पडणे अटळ होते. आवळल्यावर आठवडा-दोन आठवडे बरे जाण्याचे गूढही त्यामुळे उकलले.

ग्लँड ग्रॅफाइटयुक्त दोराने भरल्यावर दोष बराच कमी झाला, पण गेला नाही. कडक उन्हाच्या दिवशी, लांब थांब्यानंतर, इंजेक्टर अजूनही पहिल्या प्रयत्नात सुटे, दुसऱ्या-तिसऱ्यांदा मात्र चाले. याचा अर्थ हवेच्या जोडीला उष्णताही होती. थांब्यावर उभे असताना आम्ही दोन्ही इंजेक्टरांना थर्मामीटर लावला. चालकाच्या बाजूचा इंजेक्टर हात टेकवता येईल इतपत कोमट होता, आमच्या बाजूच्यावर हात ठेवणे अशक्य होते. बंद असलेला इंजेक्टर तापतो त्याची दोनच कारणे असतात : एकतर वाफेची झडप पूर्ण बसत नाही आणि वरून वाफ झिरपते, किंवा क्लॅक बसत नाही आणि बॉयलरमधले पाणी उलटे येते. १६० पौंडांच्या दाबाखाली बॉयलरचे पाणी १८८ अंशांचे असते, तेव्हा थेंबभर गळतीही इंजेक्टर आणि त्यामागच्या पाइपातले पाणी तापवायला पुरते. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी दोन्ही पाइपांना इंजेक्टरपासून दूर, वेगवेगळ्या जागी तापमापक लावावा. क्लॅक गळत असेल तर बॉयलरकडे जाणारा पाइप संपूर्ण लांबीभर तापलेला असतो. झडप गळत असेल तर वाफेचा पाइप तापतो आणि बॉयलरकडचा पाइप इंजेक्टरपासून दूर जाताना निवत जातो. आमच्याकडे दुसरा प्रकार होता. वाफेच्या झडपेच्या बैठकीवर वाफेने कोरलेली केसाएवढी चर निघाली.

हे काम इंजिन पूर्ण थंड आणि दाब शून्यावर असतानाच करावे. मधली बंद झडप धरून राहील या विश्वासावर वाफ असताना क्लॅकचे टोपण किंवा झडपेचे डोके सोडण्याचा विचारही करू नये. ब्रिटनमध्ये बॉयलर व त्याची जोडसाधने २००० सालच्या दाब-प्रणाली सुरक्षा नियमांखाली, लेखी तपासणी-योजनेनुसार, सक्षम व्यक्तीकडून तपासली जातात. झडपेची बैठक आम्ही घासून पुन्हा बसवली ती निरीक्षकाला कळवून आणि इंजिनाच्या नोंदवहीत लिहून. झडपेची दांडीही ओरखडलेली होती, ती नवी केली. पाण्याच्या ग्लँडची पोकळी बाहेरचा आकार न बदलता आतून खोल केली, त्यामुळे आता दोराच्या चार फेऱ्या बसतात. प्रतिकृतीत असा बदल करावा का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. जिथे मूळ साहित्यच आता वापरात नाही तिथे मूळ मापाचा आग्रह धरल्याने इंजिन मुळाशी अधिक प्रामाणिक होत नाही, असे मला वाटते, आणि शेवटी बहुमतही तेच झाले.

इतका काळ दोष हुलकावणी देत राहिला तो दोन उणिवा एकत्र काम करत असल्यामुळे. टाकी भरलेली असेल तर तापलेला इंजेक्टरही चालून जाई, इंजेक्टर थंड असेल तर थोडी हवाही खपून जाई. दोन्ही एकाच वेळी जुळून येत त्या तिसऱ्या फेरीच्या थांब्यावर. एक दुरुस्त करून दुसरे राहू दिले असते तर दोष लपला असता आणि पुढच्या उष्ण दिवशी परत आला असता.

चालवण्याच्या पद्धतीतही थोडे बदल केले. आधी पाणी उघडावे, ओव्हरफ्लोमधून ते स्वच्छ वाहू द्यावे आणि मग वाफ एका निश्चित हालचालीत पूर्ण उघडावी. बंद करताना आधी वाफ, मग पाणी. हा क्रम सर्वांना ठाऊक असतो, तरी घाईच्या वेळी अर्धवट उघडलेली वाफ हेच अपयशाचे कारण ठरते. लांब थांब्यानंतर पाणी नेहमीपेक्षा दहा-पंधरा सेकंद जास्त वाहू द्यावे, म्हणजे पाइपातले तापलेले पाणी निघून जाते आणि इंजेक्टर निवतो. तरीही तो तापलेला राहिला तर त्यावर गार पाणी ओतणे हा तात्पुरता उपाय चालतो, पण त्याची नोंद वहीत झालीच पाहिजे, कारण तो झडप गळत असल्याचा पुरावा आहे. टाक्या आता आम्ही दुसऱ्या फेरीनंतर भरतो. चढावावर पाण्याची पातळी अति वर ठेवत नाही, कारण तसे केल्यास वाफेबरोबर पाणी उडून इंजेक्टरकडे ओली वाफ येते आणि तोही धार फुटण्याचा एक मार्ग आहे.

दुरुस्तीनंतरचा संपूर्ण हंगाम तो इंजेक्टर एकदाही सुटला नाही. दर शनिवारी सकाळी आग लावण्यापूर्वी मी पाण्याच्या ग्लँडचे दोन्ही नट बोटांनी चाचपतो, आणि तिसऱ्या फेरीच्या थांब्यावर दोन्ही इंजेक्टरांचे तापमान वहीत लिहितो. महिन्यातून एकदा टाकी मुद्दाम तृतीयांशापर्यंत उतरवून दोन्ही इंजेक्टर आळीपाळीने चालवून पाहतो. भरलेल्या टाकीवर केलेली तपासणी आम्ही आता तपासणी म्हणून नोंदवत नाही.